त्सुमागो येथील पथिकाश्रमांत एक रात्र

प्रवासी दिवसा काय पाहतो यापेक्षां तो रात्रीं कोठें निजतो, यावरून त्याला परक्या देशाची खरी ओळख पटते, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. आज मी आपणांस जपानांतील एका डोंगरी खेड्याविषयीं आणि तेथील एका जुन्या पथिकाश्रमांत काढलेल्या रात्रीविषयीं सांगणार आहें. खेड्याचें नांव त्सुमागो.

आरंभींच एक गोष्ट कबूल करतों. मी तेथें केवळ हौसेनें गेलों नव्हतों. कृष्णाकांठीं आमचा एक वडिलार्जित वाडा आहे. तो विकावा असें आम्हां भावांचें बहुतेक ठरलें होतें. कागद तयार होते; सह्या तेवढ्या व्हावयाच्या राहिल्या होत्या. माझा पुतण्या नोकरीनिमित्त जपानांत नागोया शहरीं असतो. त्याचाहि वाड्यांत हिस्सा आहे. त्याच्याशीं समक्ष बोलावें आणि जमल्यास तो देशहि पाहावा, अशा दुहेरी हेतूनें मी गतवर्षीं शरद् ऋतूंत तिकडे गेलों. पुतण्याचें मत पहिल्या दिवशींच कळलें. "काका, विकून टाका. तेथें राहणार कोण?" असें तो म्हणाला. त्याला उत्तर देण्यासारखें माझ्यापाशीं कांहीं नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे किसो नदीच्या खोऱ्याकडे निघालों. आगगाडीनें नाकात्सुगावापर्यंत, तेथून मोटारीनें मागोमेपर्यंत, आणि पुढें पायीं. मागोमे ते त्सुमागो हें अंतर सुमारें आठ किलोमीटर आहे. मध्यें एक खिंड लागते. वाट कोठें दगडी फरसबंदीची, कोठें नुसती मातीची. दोहों बाजूंस सरळ वाढलेले सुरूसारखे उंच वृक्ष. वाटेंत ठिकठिकाणीं खांबांना घंटा टांगलेल्या आहेत. अस्वलानें दूर जावें म्हणून वाटसरूनें ती वाजवून पुढें जावयाचें असतें. देवळांत शिरतांना घंटा वाजविण्याची माझ्या हाताला सवय. त्यामुळें मी एकहि घंटा सोडली नाहीं, आणि पुतण्या मला हंसत राहिला.

ही वाट साधी नव्हे. तोकुगावा शोगुनांच्या अमदानींत, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळांत, एदो राजधानींतून पांच राजमार्ग निघत असत. एदो म्हणजे आजचें तोक्यो. त्या पांचांपैकीं नाकासेन्दो, म्हणजे डोंगरांमधून जाणारा मार्ग, क्योतोपर्यंत सुमारें ५३० किलोमीटर जाई. त्यावर मुक्कामाचीं ६९ ठाणीं होतीं. एदोकडून मोजलें तर त्सुमागो हें ४२ वें आणि मागोमे ४३ वें. सरदारांनीं आलटून पालटून राजधानींत आणि आपल्या मुलखांत राहावें असा शोगुनांचा दंडक होता. त्यामुळें लवाजम्यांची ये-जा सतत चाले. १८६१ सालीं राजकन्या काझुनोमिया शोगुनाशीं विवाह करण्यासाठीं क्योतोहून एदोला गेली ती याच मार्गानें.

प्रवाशाच्या दर्जाप्रमाणें उतरण्याची जागाहि निराळी असे. सरदारांसाठीं होन्जिन्; ती भरली तर किंवा त्याहून कमी मानाच्या पाहुण्यांसाठीं वाकिहोन्जिन्; सामान्य वाटसरूंसाठीं जेथें जेवण मिळे तें हातागो; आणि अगदींच गरीब असेल त्याच्यासाठीं किचिन्-यादो. या शेवटच्या नांवाचा अर्थ मोठा गोड आहे : लांकडाच्या दामाचें घर. शिधा आपला, स्वयंपाक आपला. पैसे द्यावयाचे ते केवळ सरपणाचे. आपल्याकडील धर्मशाळांतून दगडांची चूल मांडणारे यात्रेकरू मला तेव्हां आठवले.

संध्याकाळीं त्सुमागोच्या वेशीशीं आलों. शिरतांना रस्ता मुद्दाम काटकोनांत वळविलेला आहे, तो शत्रूला एकदम आंत घुसतां येऊं नये म्हणून. पुढें अरुंद रस्ता आणि दोहों बाजूंस काळवंडलेल्या लांकडाचीं दुमजली घरें; वरचा मजला खालच्याच्या पुढें आलेला, दर्शनी बाजूस बारीक गजांची लांकडी जाळी, कांहीं छपरांवर फळ्या दबून राहाव्यात म्हणून ठेवलेले दगड. विजेचा खांब एकहि दृष्टीस पडत नाहीं. दिवसाच्या गर्दीच्या वेळांत मोटारींना या रस्त्यावर मज्जाव आहे. दिवसाचे पाहुणे निघून गेले होते आणि पाण्याचा आवाज तेवढा ऐकूं येत होता.

आम्ही उतरलों तें घर जुनें हातागो होतें. घरधनीण ऐंशीच्या घरांतील, अंगानें किरकोळ, पण चालण्यांत चपळ. पादत्राणें दाराशीं काढावयाचीं, हें आम्हांला शिकवावें लागलें नाहीं. खोलींत गवती चटयांची जमीन. भिंती म्हणजे कागदानें मढविलेले सरकते दरवाजे. कुलूप नाहीं. शेजारच्या खोलींतील प्रवाशाचा खोकला आपल्याच उशाशीं ऐकूं येतो. स्नानगृह सामाईक : आधीं बाहेर अंग स्वच्छ धुवावयाचें आणि मग कढत पाण्याच्या लांकडी पिंपांत गळ्यापर्यंत बसावयाचें. जेवणांत डोंगरांतल्या भाज्या, ओढ्यांतला मासा आणि गोहेइमोची, म्हणजे भात कुटून काठीवर थापून, आक्रोडाचा गोडसर लेप लावून निखाऱ्यावर भाजलेला पदार्थ. हा एक जिन्नस आमच्या घरच्या मुलांनाहि आवडेल असें वाटलें.

जेवणानंतर आम्ही खालीं चुलाणाभोवतीं बसलों. जमिनींतच खणलेला चौकोनी खळगा, त्यांत राख आणि निखारे, वरून लोंबणारी किटली. धूर थेट छपराकडे जातो. त्या धुरामुळेंच तुळयांना कीड लागत नाहीं, असें बाईंनीं सांगितलें. पुतण्या दुभाष्याचें काम करीत होता.

मीं विचारलें, "हें गांव इतकें जसेंच्या तसें राहिलें कसें?"

त्या म्हणाल्या, "गरिबीमुळें."

आणि तें खरेंच आहे. शोगुनशाही गेली, मुक्कामाच्या ठाण्यांची व्यवस्था मोडली आणि १९११ सालीं पूर्ण झालेला मध्य लोहमार्ग नदीच्या कांठानें, या गांवाला बाजूस टाकून निघून गेला. मागोमे १८९५ व १९१५ च्या आगींत जळालें आणि पुन्हां बांधलें गेलें. त्सुमागोला नवीं घरें बांधण्याइतका पैसा नव्हता, म्हणून जुनीं तशींच राहिलीं. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण मंडळी शहरांकडे गेली आणि रिकामीं घरें खचूं लागलीं. अशा वेळीं, मेइजी राजवटीच्या आरंभाला शंभर वर्षें झालीं त्या निमित्तानें, १९६८ सालीं नागानो प्रांतानें येथील घरें दुरुस्त करण्याचें काम हातीं घेतलें. वास्तुइतिहासाचे पंडित ओता हिरोतारो यांचें मार्गदर्शन त्याला लाभलें. त्याच वर्षीं गांवकऱ्यांनीं आपल्या गांवावर प्रेम करणाऱ्यांची एक सभा स्थापिली, आणि १९७१ सालीं सर्वांनीं मिळून एक सनद केली. तिचे नियम तीनच : घर विकावयाचें नाहीं, भाड्यानें द्यावयाचें नाहीं, मोडावयाचें नाहीं. सरकारनें १९७५ सालीं कायद्यांत दुरुस्ती करून जुन्या वस्त्यांना संरक्षण देण्याची सोय केली, आणि १९७६ सालीं पहिल्यानें निवडलेल्या सात वस्त्यांत त्सुमागोचें नांव आलें. कायद्याच्या आधीं गांव जागा झाला होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

बाई या घरांत सून म्हणून आल्या त्या सुमारास हें काम नुकतेंच सुरू झालें होतें. सासरे सभेहून आले की घरांत वाद होई, असें त्यांनीं सांगितलें. "नवऱ्याला दर्शनी भागीं कांचेची मोठी खिडकी हवी होती. थंडी फार. सासरे म्हणाले, जाळी हलणार नाहीं. मीं पन्नासांवर हिवाळे त्या जाळीमागें काढले."

मीं जरा धीर करून विचारलें, "घर विकावें असें तुम्हांला कधीं वाटलें नाहीं काय?"

पुतण्यानें भाषांतर करण्याआधीं एकदां माझ्याकडे पाहिलें. बाई हंसल्या. म्हणाल्या, "दर हिवाळ्यांत वाटतें."

मग कांहीं वेळ त्या चिमट्यानें निखारे सारखे करीत राहिल्या. त्यांचा मुलगा शहरांत आहे. सुट्टींत येतो, मदत करतो, परत जातो. शेजारचीं दोन घरें वारसाच्या अभावीं बंद आहेत. विकतां येत नाहींत, भाड्यानें देतां येत नाहींत, मोडतां येत नाहींत; उभीं आहेत इतकेंच. "तीन नियम आम्हीं लिहिले," त्या म्हणाल्या. "चौथा लिहितां आला नाहीं. घरांत कोणीतरी राहिलें पाहिजे. पण तें कोणाला नियम करून सांगतां येत नाहीं."

त्या रात्रीं मला झोंप लवकर आली नाहीं. कागदाच्या भिंतीपलीकडून वारा कळत होता. मी इतके दिवस वाड्याचा प्रश्न विकावा की राखावा असा दोनच बाजूंनीं पाहत होतों. राखावा म्हणणाऱ्यांत मी स्वतःला मोठ्या अभिमानानें धरीत होतों आणि पुतण्याला मनांतल्या मनांत दोष देत होतों. पण त्या वाड्यांत मी स्वतः शेवटचा केव्हां निजलों होतों? हिशेब केला, अकरा वर्षें झालीं होतीं. ज्या घरांत आपण अकरा वर्षांत एक रात्रहि काढली नाहीं, तें विकूं नये असें दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार मला कोठून आला?

सकाळीं निघण्याआधीं आम्ही वाकिहोन्जिन् पाहिली. १८७७ सालीं ती नव्यानें बांधली तेव्हां सारी हिनोकीच्या लांकडाची बांधली. त्याआधीं तें शक्यच नव्हतें. किसोच्या अरण्यांतील हिनोकी धरून पांच जातींचे वृक्ष तोडण्यास रयतेला बंदी होती, आणि एका झाडामागें एक डोकें जाईल अशी त्या बंदीची ख्याति होती. त्या अरण्यांच्या कुशींत राहून ज्यांना त्यांतली एक तुळईहि मिळाली नव्हती, त्यांनीं मोकळीक मिळतांच केवढ्या हौसेनें घर उभारलें, हें त्या गुळगुळीत खांबांवरून हात फिरवितांना कळतें.

परतीच्या गाडींत पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, आपल्या वाड्याच्या माजघरांत धान्याचें जें बळद आहे, तें अजून शाबूत आहे का हो?"

मीं खरें तें सांगितलें. "मला ठाऊक नाहीं रे."

श्रोतेहो, येथें मी आपणांस वाडा वांचल्याची वार्ता सांगितली असती तर गोष्ट पुरी झाली असती. पण तसें घडलेलें नाहीं. थोरल्या बंधूंना औषधपाण्यासाठीं पैशाची गरज आहे, आणि ती गरज खरी आहे. कागद अजून सह्यांवांचून पडून आहेत. मात्र गेल्या दिवाळींत मी आणि माझी पत्नी असे दोघे चार दिवस वाड्यांत जाऊन राहिलों. कुलूप गंजलें होतें, तें फोडावें लागलें. एका खणाचें छप्पर बसलें आहे. विहिरीचें पाणी चांगलें आहे. तिसऱ्या दिवशीं चूल पेटविली तेव्हां शेजारच्या वृद्ध काकू धूर पाहून धांवत आल्या. घराला आग लागली असें त्यांना वाटलें होतें.

पुतण्याला मीं पत्रांतून कळविलें : बळद शाबूत आहे. तो उन्हाळ्यांत पंधरा दिवसांच्या रजेवर येणार आहे, आणि मुक्काम वाड्यांतच करीन म्हणतो. पुढें काय करावयाचें तें आम्ही सारे तेथें बसून ठरवूं. विकावयाचें ठरलें तरी तें त्या घरांत निजून, जेवून, त्याच्या थंडीवाऱ्याचा अनुभव घेऊन ठरावें, एवढेंच मी त्सुमागोहून शिकून आलों.