सहा वेळा जगज्जेती, मग आई, मग पुन्हा गेटवर

मागच्या भागात कर्जाचे हप्ते झाले. आज हप्ते नाहीत, आज मोटारसायकल.

माझा भाचा सुट्टीला आला की मोबाईलवर मोटोक्रॉसच्या शर्यती बघत बसतो. ही डांबरी रस्त्यावरची शर्यत नव्हे. वाळू, चिखल, चढ-उतार आणि मुद्दाम रचलेले मातीचे उंचवटे. त्यांवरून गाडी सरळ हवेत उडते. गाडीला दिवा नाही, आरसा नाही, वजन शंभर किलोच्या वर. चालवणारी सीटवर बसते कमी, पाय टेकवून उभीच जास्त असते. एकदा तो म्हणाला, "मावशी, ही बघ. हिला मुलगी आहे." मी हातातली भाजी ठेवून बघायला बसले.

तिचं नाव किआरा फोंतानेझी. इटलीतल्या पार्मा भागातली, जन्म १९९४चा. बायकांची मोटोक्रॉसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००८ साली सुरू झाली. २०१२मध्ये अठरा वर्षांची असताना किआरानं ती जिंकली. पुढं २०१३, २०१४, २०१५, असं सलग चार वर्षं. २०१६चं विजेतेपद फ्रान्सच्या लिव्हिया लान्सलोकडं गेलं. किआरानं २०१७ आणि २०१८ पुन्हा स्वतःकडं आणली. झाली सहा.

यातला हिशोब मला फार आवडला. (बघा, हिशोबावर आलेच मी!) एका फेरीत दोन शर्यती. बायकांची शर्यत वीस मिनिटं आणि वर दोन चकरा. पहिलीला २५ गुण, दुसरीला २२, तिसरीला २०, असं करत विसाव्या नंबरला १. वर्षाच्या शेवटी सगळ्यांची बेरीज. म्हणजे एखादी चिखलात पडली, तिनं गाडी उचलली, किक मारली आणि चौदावी आली, तरी ७ गुण तिच्या खात्यात पडतात. आणि मोसमाच्या शेवटी विजेतेपद कधी कधी त्याहून कमी गुणांनी हुकतं. वर्षाचा मुकुट एका झेपेनं मिळत नाही. पडल्या दिवशीसुद्धा काहीतरी जमा करावं लागतं. ज्यांनी गटात शंभर-शंभर रुपये टाकलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग २०१९ साल आलं. किआरा तेव्हा गरोदर होती, म्हणून त्या वर्षी ती स्पर्धेत नव्हती. मुलगी झाली. आणि २०२०च्या मोसमात ती पुन्हा गेटवर उभी राहिली. आपल्यापैकी ज्या बाळंत झाल्यात त्यांनी जरा आठवा, पहिल्या वर्षी कंबर कशी होती, झोप किती होती. त्या शरीरानं गाडी हवेत उडवून खाली झेलायची.

इथं मला खोटं सांगायचं नाही. परत येऊन ती लगेच जिंकली, अशी ही गोष्ट नाही. ती नसताना २०१९ला न्यूझीलंडची कोर्टनी डंकन जगज्जेती झाली, आणि २०२०, २०२१लाही तीच. २०२२ला नेदरलँड्सची नॅन्सी व्हान दे व्हेन. २०२३ला पुन्हा डंकन. २०२४ला लोट्टे व्हान ड्रुनेन, वय सतरा. किआरानं पहिलं विजेतेपद घेतलं तेव्हा ही लोट्टे जेमतेम पाच वर्षांची होती! २०२४पर्यंत किआराचा आकडा सहावरच होता. तरी ती या पोरींच्या बरोबरीनं गाडी काढत राहिली. "आता कशाला?" असं तिलाही कुणी विचारलंच असेल.

हे सगळं आज सांगायचं कारण आमच्या गटात आहे. आमची सचिव पाच वर्षं दप्तर सांभाळत होती. बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा दप्तर माझ्याकडं आलं. ती परतली तर बैठकीत म्हणे, "लेकरू लहान आहे, राहू दे, तिला कशाला त्रास." किती मायेनं म्हणतो आपण हे! मीही मान हलवली. तिला मात्र कुणी विचारलंच नाही. ती गप्प बसून लेकराला थोपटत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

किआरा वीस मिनिटं आणि दोन चकरा गाडीवर असते, तेव्हा तिची लेक कुणाच्या तरी कडेवर असणारच. आमची बैठक दीड तासाची. दीड तास लेकरू कोण घेणार, एवढाच खरा प्रश्न होता, आणि आम्ही दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळ्या झालो होतो.

पुढच्या बैठकीत मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "मला दप्तर पाहिजे." कोषाध्यक्ष काकूंनी हात पुढं केले, "आण इकडं त्याला. पण ताई, शाईची बाटली लांब ठेव." लेकरू तासभर काकूंच्या मांडीवर मंगळसूत्र ओढत बसलं. इकडं आमच्या सचिवबाईंनी पानं उलटली आणि गेल्या तीन महिन्यांच्या व्याजात चाळीस रुपयांची चूक काढली.

चूक माझी होती.