बांधकामावरील नासाडी कोणाच्या हिशेबी?

(बांधकाम कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



बांधकामावरील नासाडीचा विषय निघाला की तिचे खापर बहुधा कामगाराच्या माथी फोडले जाते. बिगाऱ्याने विटा फोडल्या, गवंड्याने माल सांडला, फिटरने सळई वाया घालविली, अशी ही तक्रार असते. ती कितपत खरी आहे, हे आपण तपासून पाहू.

सळईचेच उदाहरण घ्या. ती साधारणपणे १२ मीटर लांबीची येते. साडेतीन मीटरचे तुकडे कापल्यास तीन निघतात आणि दीड मीटर उरते. म्हणजे आठवा हिस्सा भंगारात गेला. पण त्याच इमारतीत पाच मीटरचे तुकडेही लागत असतील, तर साडेतीनचे दोन आणि पाचचा एक असे कापल्यास काहीच उरत नाही. हे गणित फिटरला सहज जमते. मात्र कापणीचा पुरा तक्ता त्याच्या हाती पडत नाही; त्या दिवशी काय कापावयाचे, एवढाच हुकूम त्याला मिळतो.

विटांचेही तसेच. ट्रकमधून ओतलेल्या विटा फुटणारच. त्या हाताने उतरवून रचावयाच्या तर मजुरी द्यावी लागते, आणि ती वाचविण्यासाठी विटांचा बळी दिला जातो. सिमेंटची पोती ओल्या जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवली की त्यांचे दगड होतात. फळ्यांचा ओटा आणि कोरडी शेड उभारणे हे ठेकेदाराचे काम आहे. नळाचे व विजेचे नकाशे उशिरा येतात, म्हणून गिलावा झालेली भिंत पुन्हा फोडली जाते. या प्रत्येक ठिकाणी चूक निर्णय घेणाऱ्याची आहे, आणि बोल मात्र हात राबविणाऱ्याला लागतो.

ही नासाडी केवळ पैशाची नाही. फुटलेल्या विटेत वीटभट्टीवर हंगाम काढणाऱ्या कुटुंबाचे श्रम आहेत. फेकलेल्या खडीत डोंगर पोखरला गेला आहे. शेवटी तो राडारोडा रात्री नदीपात्रात वा खाडीकाठच्या कांदळवनात जाऊन पडतो, आणि पावसाळ्यात पाणी शिरते ते काठावरच्या वस्तीत.

कायदा झालेला नाही असे नाही. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा निर्माण करणाऱ्यांनी काँक्रीट, माती, पोलाद, लाकूड व प्लॅस्टिक, विटा असे वर्गीकरण करावे, असे बंधन २०१६ च्या केंद्रीय नियमांनी घातले. त्याच वर्षी सुधारलेल्या भारतीय मानकाने साध्या काँक्रीटमधील जाड खडीपैकी २५ टक्क्यांपर्यंत जुन्या काँक्रीटची खडी वापरण्यास मुभा दिली. लॉरी बेकर यांनी तर केरळात विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणाऱ्या भिंती बांधून सुमारे चौथा हिस्सा विटा वाचवून दाखविल्या. मार्ग ठाऊक आहेत. ते चोखाळण्यात कोणाचे हित आहे, हा प्रश्न आहे.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. कामाला हात लावण्यापूर्वी नकाशे आणि कापणीचा तक्ता टोळीला समजावून सांगितला जावा. माल उतरविणे, रचणे व राडारोडा निवडणे हे काम मानून त्याची मजुरी, हातमोजे व मुखपट्ट्या मिळाव्यात. महिन्याच्या अखेरीस मालाचा हिशेब कामगारांसमोर मांडला जावा आणि बचतीत त्यांचा वाटा असावा. आजवर नासाडीच्या दोषात कामगाराला भागीदार केले गेले. आता त्याला निर्णयातही भागीदार करून घ्यावे लागेल. हे झाले तरच नासाडी थांबेल.