न पाहिलेल्या मांजराची भीती



प्रयोगशाळेत जन्मलेला उंदीर.
त्याने मांजर कधी पाहिलेलंच नाही.

तरीही मांजराच्या लाळेतलं एक प्रथिन नाकाशी आलं,
की तो दबकतो, मागे सरतो.

ही भीती शिकवलेली नाही.
ती जन्मजात आहे.

उंदराच्या नाकात, तळाशी, एक वेगळं इंद्रिय असतं.
त्याला जेकबसनचं इंद्रिय म्हणतात.

हे प्रथिन हवेत सहज उडत नाही.
त्यासाठी नाक अगदी जवळ न्यावं लागतं.

मग जेकबसनच्या इंद्रियातून संदेश मेंदूतल्या एका खास गंधकेंद्रात जातो,
तिथून मेंदूच्याच अमिग्डाला या भागात,
पुढे हायपोथॅलॅमसमध्ये.

2010 साली अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे इंद्रिय निकामी असलेले उंदीर तपासले.
मला त्यांच्या निकालाचंच सर्वांत नवल वाटतं.

ते उंदीर मांजराच्या वासाला घाबरलेच नाहीत.
होय, घाबरलेच नाहीत!