उशिरा आलेल्यांची भूक

मी शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरचा. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेली ही वसाहत. गाळप सुरू झालं की आमच्याकडे दिवस-रात्रीचा फरक मिटतो. उसाच्या गाड्यांची रांग, मळीचा वास, आणि अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काजळी. माझी सगळी नोकरी वजनकाट्यावर गेली. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, आकडा टिपायचा. ऊस खाली करून गाडी परत आली की रिकामीचं वजन करायचं. वजाबाकी केली की निव्वळ ऊस. नोकरी संपली, वजाबाकीची खोड मात्र राहिली. माणूस समोर आला की मन लगेच विचारतं, याचं निव्वळ किती?

घर आमचं ख्रिस्ती. मूळ नवापूरकडचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं आली. पुढे आमच्या भागातल्या आदिवासी पाड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या, चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय झालं. आमच्या घरात प्रार्थना मराठीत होते आणि रागावणं मावची बोलीत.

'नातवंडांवर श्रद्धेचे संस्कार' या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं. विषय चांगला आहे. आजीआजोबांचा वाटा मोठा असतो, हे पवित्र शास्त्रातही आहे. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण केली आहे. मराठीतलं उदाहरण घ्यायचं तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला आणि त्या घराची उलथापालथ झाली. ती सगळी कहाणी लक्ष्मीबाईंनी हसतखेळत सांगितली. पुढे त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी त्या पुस्तकाची टिपांसह संपूर्ण आवृत्ती सिद्ध केली. आजीचं धन नातवाने सांभाळलं.

पण माझ्या घरात गाडी उलट्या दिशेने चालली आहे. तेच आज सांगायचं आहे.

माझी नात सहा वर्षांची. रात्री जेवणाआधीची प्रार्थना आता तीच करते, कारण तिने तो हक्क मागून घेतला. माझ्या प्रार्थनेला एक क्रम असायचा. आधी मंडळी आणि पाळकसाहेब, मग देश, मग आजारी माणसं, शेवटी घर. हिच्या प्रार्थनेला क्रमच नाही. आई, शाळेतल्या बाई, पडलेला दात, परत आई. हंगामात ऊसतोड मजुरांच्या गाड्या आमच्या घरासमोरून जातात. त्यातल्या एका बैलाची खांद सुजलेली तिने पाहिली. त्या रात्रीपासून बैल प्रार्थनेत आला. "प्रभू, त्या बैलाची खांद बरी कर, आणि गाडीवाल्या काकांना सांग की त्याला मारू नका."

घरात कोणीतरी हसलं. देवाला काय बैलाची काळजी पडलीय, असा त्या हसण्याचा अर्थ. मी काही बोललो नाही, पण रात्री योनाचं पुस्तक काढून बसलो. योना आणि मासा सगळ्यांना ठाऊक असतो. शब्बाथशाळेत मुलं तो मासा रंगवतात. त्या पुस्तकाचा शेवट मात्र फारसं कोणी सांगत नाही. निनवे शहराचा नाश झाला नाही म्हणून योना रुसून बसला आहे, आणि देव त्याला विचारतो, उजवा-डावा हात न कळणारे 1 लाख 20 हजारांहून अधिक जीव इथे आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्यांची मला कीव येऊ नये का? पुस्तक तिथेच संपतं. योनाचं उत्तर दिलेलं नाही. शेवटचा उल्लेख गुरांचा.

उजवा-डावा न कळणारे म्हणजे लहान मुलं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. आमची नात चपला रोज उलट्या घालते. म्हणजे देवाच्या त्या प्रश्नात ती बसते आणि तिचा बैलही बसतो. एवढी वर्षं मी काट्यावर बैलगाड्या मोजल्या. गाडीच्या वजनात बैल धरत नसत. तिने त्याला थेट प्रार्थनेत धरलं.

दुसरी गोष्ट मजुरीची. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला मी तिला सांगत होतो. मालक पहाटे मजूर आणतो, नंतर नवाच्या सुमारास, दुपारी, तीन वाजता, आणि अगदी संध्याकाळी पाचलाही आणतो. मजुरी वाटताना शेवटच्यांपासून सुरुवात करतो आणि सगळ्यांना एकेक दिनार देतो. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात.

हा दाखला ऊसपट्ट्यात सांगणं सोपं नाही. इथे नवराबायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाची उचल अंगावर असते, आणि मजुरी टनावर ठरते. आमच्याच जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरातली कुटुंबं तोडणीला गुजरातपर्यंत जातात. त्यांच्यासमोर कोणी म्हणालं, की संध्याकाळी आलेल्याला तेवढेच पैसे, तर ते विचारतील, मग आम्ही अंधारात उठून थंडीत उसात का शिरलो? त्यांचा प्रश्न खोटा नाही. मलाही हा दाखला कधी पुरता पचला नव्हता. काट्याच्या माणसाला कसा पचावा?

नातीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, उशिरा आलेल्यांना भूक कमी लागते का?"

एवढंच. पुढच्या क्षणी ती शेळीच्या मागे पळालीसुद्धा. मी मात्र अडकलो. त्या काळी एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती, म्हणजे घराची एका दिवसाची भाकर. अर्धा दिनार दिला असता तर हिशेब बरोबर आला असता आणि पोरं अर्धपोटी झोपली असती. मालक काम मोजत नव्हता, चूल मोजत होता. आणि पाचपर्यंत चौकात उभे होते ते आळशी नव्हते. आम्हाला कोणी कामाला लावलं नाही, असं ते स्वतःच सांगतात. हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल, पण माझं लक्ष कायम कुरकुर करणाऱ्यांकडे.

आता कोणी म्हणेल, मुलं निरागस असतात म्हणून त्यांना हे दिसतं. मला ते पटत नाही. आमची नात गूळ चोरते आणि नाव मांजरावर घालते. कॅलेंडरवर प्रभूच्या मांडीवर बसलेली गोरीगोमटी, भांग पाडलेली मुलं असतात, ती चित्रं मला कधीच खरी वाटली नाहीत. शुभवर्तमानातला प्रसंग पाहा. शिष्य आपसात वाद घालत आहेत, आपल्यात मोठा कोण. त्या वेळी येशू एका बालकाला मध्ये उभं करतो. त्या बालकाचं नाव दिलेलं नाही, ते गुणी होतं असंही म्हटलेलं नाही. त्या समाजात लहान मुलाला मान नव्हता, हक्क नव्हता, त्याच्या नावावर कमाई नव्हती. काट्यावर घ्यावं असं त्याच्याकडे काहीच नव्हतं, आणि तरी ते हात पुढे करत होतं. ताटात भाकरी पडली की माझी नात विचारत नाही, मी आज काय काम केलं म्हणून ही मिळाली. ती खाते आणि आणखी मागते. कृपा या विषयावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली. त्यातली बरीच लांब होती.

नाताळ जवळ आला आहे. घरोघरी कागदी तारे लागतील, करंज्या होतील, नातवंडं गोळा होतील. तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, देवापुढे हात जोडायची तुमची रीत कोणतीही असो, माझी एक विनंती आहे. त्यातल्या एका रात्री जेवणाआधीची प्रार्थना घरातल्या सगळ्यात धाकट्याला करू द्या. क्रम चुकला, नको ते नाव आलं, तरी मध्ये बोलून दुरुस्त करू नका. लांबली तर भाजी गार होईल, होऊ द्या.