स्वमग्न मुलांचा वाटा

1981 पासून चालत आलेल्या केंद्र सरकारच्या योजनेतून तीनचाकी सायकली, कुबड्या आणि श्रवणयंत्रे यांचे वाटप होताना जळगाव-धुळ्याच्या लोकांनी पाहिले असेल. परंतु ज्याचे हातपाय धड आहेत, कान शाबूत आहेत, आणि तरीही तहान लागली एवढेही ज्याला आईला सांगता येत नाही, त्या स्वमग्न मुलाने वाटपाच्या त्या मांडवातून काय घेऊन जावे?

कायद्याने त्याचा हक्क केव्हाच मान्य केला आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा नामनिर्देश आहे; 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत ती आहे, आणि त्याच्याच 24 व्या कलमात काळजीवाहकासाठी भत्त्याचा उल्लेख आहे; शिवाय आपल्या राज्यात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत सर्वांनी स्वतःच्या उत्पन्नाचा 5 टक्के हिस्सा दिव्यांगांवर खर्च करावा, असा शासनाचा हुकूम आहे.

अशा मुलाला बोलते करणारे साधनही दूरचे नाही. पवईच्या आय.आय.टी.त तयार झालेले ‘जेलो’ हे अ‍ॅप विनामूल्य मिळते, आणि चित्रावर बोट ठेवताच ते मुलाच्या वतीने मराठीत बोलते. मात्र टॅबलेट हाती दिला म्हणजे मूल बोलू लागले, असे होत नाही. पाण्याच्या चित्राला बोट लावले की पेला समोर येतो, हा संबंध त्याच्या मनात ठसेपर्यंत कोणीतरी शेजारी बसून, स्वतः चित्रांवर बोट ठेवीत, महिनोन्महिने त्याच्याशी बोलावे लागते. आणि हे काम बहुधा त्या आईकडे येते, जी ऐन कापूसवेचणीत मजुरी बुडवून साक्रीहून किंवा रावेरहून एस.टी.ने त्याला वाचोपचारासाठी जिल्ह्याच्या गावी नेते, आणि स्थानकावरील ध्वनिक्षेपकाने बिथरलेल्या मुलाचे कान आपल्या तळहातांनी झाकून धरते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, या 5 टक्क्यांच्या निधीतून टॅबलेट आणि आवाज रोखणारे कर्णरक्षक अवश्य घ्यावेत. पण त्याच दरखास्तीत आईचे प्रशिक्षण, तिच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई, तालुक्याला ठरल्या वारी येणाऱ्या वाचोपचारतज्ज्ञाचा मेहनताना आणि यंत्राची दुरुस्ती यांचीही तरतूद असावी. घरात अहिराणी किंवा पावरी बोलली जात असेल, तर त्या बोलीतील चित्रपत्रे करून देण्याचा खर्चही त्यात धरावा. मार्चअखेरीस रक्कम खर्ची पडावी म्हणून घाईने केलेल्या खरेदीत या बाबी कधीच बसणार नाहीत. तेव्हा पालकांनी आपली मागणी ग्रामपंचायतीचे किंवा महानगरपालिकेचे अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वीच तिथे लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी, आणि तिथल्या सदस्यांनी ती सभेपुढे वाचून ठरावात नोंदवावी.