सारनाथचे सिंह आणि आपली चित्रकार मुले

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



डॉक्टरने व्यासपीठावर यावयाचे म्हणजे मधुमेह नाहीतर रक्तदाब, अशी आपली अपेक्षा असते. आज मी वेगळा विषय घेतला आहे. आपल्या घरांतील काही मुलेमुली आता पुस्तकांसाठी चित्रे काढण्याचे शिक्षण घेऊ इच्छितात. इकडे त्याला इलस्ट्रेशन म्हणतात. त्यांचे आईवडील चिंतेने मला म्हणतात, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच तिला दोन शब्द समजावून सांगा." समजावण्यापूर्वी आपण समजून घ्यावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

पालकांची चिंता निराधार नाही. आपल्या मागच्या पिढ्यांच्या माथी हाताची कामे मारली गेली. त्यातून सुटण्यासाठी आपण पाटी-पेन्सिल धरली, परीक्षा दिल्या, समुद्र ओलांडला. आणि आता मुलगी पुन्हा हाताच्या कामाकडे वळते, हे मनाला खुपते. परंतु १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथरूप भाषणात बाबासाहेबांनी काय दाखवून दिले? जातिव्यवस्था ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे आणि तीत व्यक्तीच्या आवडीला व कुवतीला स्थान नाही. त्यांचा विरोध हातांच्या श्रमाला नव्हता. जन्माने काम ठरविण्याला होता. शल्यचिकित्सकही हातांनीच काम करतो. मुलगी स्वतःच्या आवडीने कुंचला निवडते, तेव्हा ती मागे जात नाही. ज्या निवडीचा हक्क आपल्याला नाकारला गेला, तोच ती बजावीत असते.

आता चित्रकलेचा विद्यार्थी शिकतो कसा, ते पाहू. यासाठी आपल्या राज्यघटनेइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीच्या परिश्रमांतून साकारलेल्या घटनेची इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी सुंदर अक्षरांत हाताने लिहिली. तिच्या सजावटीचे काम शांतिनिकेतनच्या कलाभवनातील आचार्य नंदलाल बोस व त्यांच्या विद्यार्थ्यांकडे होते. २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीच्या सदस्यांनी तिच्यावर सह्या केल्या. त्या प्रतीतील अशोकस्तंभाचे सिंह दीनानाथ भार्गव यांनी काढले. ते तेव्हा कलाभवनात शिकत होते व विशीच्या उंबरठ्यावरच होते.

समोर ठेवावयाचा आदर्श तयार होता. सारनाथच्या उत्खननात १९०४-०५ साली सापडलेले ते शिल्प पाठीला पाठ लावून बसलेल्या चार सिंहांचे आहे. त्यांच्या खालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह असून मधून मधून धम्मचक्रे आहेत. हुबेहूब नक्कल केली असती तरी कोणी दोष दिला नसता. परंतु गुरूंनी या विद्यार्थ्याला कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत सिंह पाहण्यास सांगितले, अशी आठवण भार्गव कुटुंबीयांनी सांगितली आहे. तो पुनःपुन्हा तेथे जात राहिला. सिंहाची मान कशी वळते, आयाळ खांद्यावर कशी उतरते, जबडा उघडताना गालाचे स्नायू कसे ताणतात, हे पाहिल्यावाचून दगडातल्या सिंहाचे मर्म कळत नाही. अशोकाच्या शिल्पकारानेही प्रथम पाहिलेच असणार. थोर कलाकृतीपासून शिकणे म्हणजे तिची रेषा उचलणे नव्हे. ती घडविणाऱ्याचे डोळे जे पाहत होते तेथवर पोहोचणे होय.

नंदलालांनी हा सल्ला स्वतःच्या शिक्षणातून दिला होता. १९०९-१० च्या हिवाळ्यात ते लेडी हेरिंगहॅम यांच्या पथकाबरोबर अजिंठ्याला गेले आणि तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत राहिले. माती व भुशाचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा थर, मग रेषा, मग गेरू, पिवळी माती, काजळी यांचे रंग, असे ते प्राचीन काम. प्रतिकृती करणाऱ्याला ही सारी क्रिया उलगडत न्यावी लागते. पुढे ओकाकुरा या जपानी कलाविचारवंताने त्यांना निसर्ग, परंपरा व स्वतःची प्रतिभा या तिघांचा मेळ घालण्यास सांगितले. अजिंठा ही परंपरा, प्राणिसंग्रहालय हा निसर्ग. तिसरी गोष्ट विद्यार्थ्याने स्वतःच आणावयाची असते.

आपल्या मुलांना याकरिता दूर जाण्याची गरज नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांपैकी पुष्कळ १८८५ साली लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहेत. अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्याच वास्तूतील ग्रंथालयात बाबासाहेब विद्यार्थिदशेत तासन् तास वाचीत बसत. एखाद्या शनिवारी मुलांना वही-पेन्सिल देऊन तेथे न्या, आणि घाई करू नका.

माझ्या व्यवसायातीलही एक दाखला देतो. १८५८ साली निघालेले ग्रे यांचे शरीररचनाशास्त्र आम्हां डॉक्टरांना परिचित आहे. त्यातील चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांची. ते चित्रकाराचे पुत्र व स्वतः डॉक्टर. त्यांनी अवयवांची नावे त्या त्या अवयवावरच लिहिली, त्यामुळे विद्यार्थ्याची नजर भरकटत नाही. ग्रंथ टिकला तो या चित्रांमुळेही. तरी शीर्षकपानावर त्यांचे नाव लहान अक्षरांत छापले गेले आणि खपाचा वाटा त्यांना मिळाला नाही. त्याच वर्षी ते मुंबईस गेले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले आणि पुढे कुष्ठरोगावर त्यांनी मोलाचे संशोधन केले. विद्यार्थ्यांनो, यातून दोन धडे घ्या. चित्र हे ज्ञानाचे साधन आहे, केवळ शोभा नव्हे. आणि काम हाती घेण्यापूर्वी करारपत्र वाचा. आपले नाव व आपला मोबदला लेखी असू द्या. अजिंठ्याच्या चित्रकारांची नावे आपल्यापर्यंत आली नाहीत. आपल्या मुलांची नावे तरी पुसली जाऊ नयेत.

सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. एक म्हणेल, कोणाची नक्कल करू नकोस. दुसरा म्हणेल, आधी दहा वर्षे नक्कलच कर. तिसरा म्हणेल, यात पैसा नाही. तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश येथे उपयोगी पडतो. परंपरेने आले म्हणून वा गुरूने सांगितले म्हणून स्वीकारू नये. स्वतः करून, परिणाम पाहून, हितकारक असेल तर घ्यावे. शिक्षकाने रेषा कच्ची म्हटली, तर ती शंभर वेळा काढून पाहावी. मग तो सल्ला खरा की खोटा, हे आपला हातच सांगेल. पैशाविषयीचा सल्लाही असाच पारखावा. शिक्षणाचा खर्च आणि पहिली काही वर्षे जोडधंद्याची गरज यांचा हिशेब पालक व मुले यांनी एकत्र बसून मांडावा. धाकाने नव्हे, आकड्यांनी बोलावे.

शेवटी एक मागणे. येथे जन्मलेली आपली नातवंडे मराठी अडखळत वाचतात. चित्र मात्र ती लगेच वाचतात. २० मार्च १९२७ चे महाडचे चवदार तळे आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी त्यांना कोण दाखविणार? निळा कोट आणि चष्मा असलेले कॅलेंडरचे चित्र गिरवून ते होणार नाही. पाण्यात उतरलेली पावले, ओंजळ, लुगड्याचा भिजलेला काठ, पांढऱ्या वस्त्रांतील गर्दी हे पाहावे लागेल. जुनी छायाचित्रे पाहा. घरातील आजीजवळ बसा, तिचे हात रेखाटा, तिने आपल्या आईकडून ऐकलेले टिपून घ्या. आजी कायम आपल्याजवळ राहणार नाहीत. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

आणि पालकहो, मुलगी आपली वही पुढे करील तेव्हा नोकरीचा प्रश्न जरूर विचारा; पण त्याआधी ती वही उघडून नीट पाहा. पाहणे ही तिच्या विद्येची पहिली पायरी आहे, आणि ती आपल्यालाही चढता येते.

जयभीम! नमो बुद्धाय!