जुन्या फियाटच्या दाराचे रेक्झिन

आज ज्या मोटारीविषयी बोलायचे आहे ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. १९६४ साली ती फियाट ११०० डिलाइट या नावाने बाहेर पडली, १९७४ साली तिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, आणि नवे शतक उजाडता उजाडता तिचे उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३ सालची. वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही टॅक्सी म्हणून धावायची थांबली. पण गावोगावी वाड्याच्या पडवीत नाहीतर गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशा गाड्या अजून उभ्या आहेत. इंजिन चालू होते, चाके फिरतात. दार उघडावे तर आतले अस्तर मात्र पापडासारखे वाकलेले आणि खालची कड सुटून पुढे आलेली. ‘टाका काढून, नवे बसवून देतो,’ असे म्हणणारा कारागीर तालुक्याला मिळतोच. माझे म्हणणे एवढेच की, काढून टाकण्याआधी ते वाकले कशाने हे पाहावे. अस्तर वाकणे हे पुष्कळदा नुसते लक्षण असते. खरा रोग दाराच्या पोटात असतो, आणि नव्या अस्तराने तो झाकला तर आतून पत्रा खाल्ला जातो. रेक्झिन बाजारात मिळेल, दार कोठून आणणार?

आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो ते मूळचे रेक्झिन नव्हे. रेक्झिन हे इंग्लंडात मँचेस्टरजवळ हाइड या गावी निघणाऱ्या एका कापडाचे व्यापारी नाव. त्या कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप असे. पुढे लेप बदलला, नाव राहिले. आपल्या गाडीचे आवरण व्हायनिलचे, म्हणजे पीव्हीसीचे आहे. हे पीव्हीसी तुमच्या रोजच्या ओळखीचे. शेतातला करडा पाइप त्याचाच. मग पाइप ताठ आणि हे कातड्यासारखे मऊ, असे का? तर मऊपणासाठी त्यात एक तेलकट द्रव्य मुरवलेले असते. ही युक्ती १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाला सापडली. पण हे द्रव्य कायमचे आत राहत नाही. बंद गाडी उन्हात उभी राहिली की ते हळूहळू उडून जाते. समोरच्या काचेवर आतून जो चिकट धुरकट थर बसतो, त्यात त्याचा मोठा वाटा असतो. द्रव्य गेले की व्हायनिल आखडते, कडक होते, शेवटी तडकते.

ही झाली पुढची बाजू. मागे हार्डबोर्ड असतो, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेला तक्ता. काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी दाराच्या पोकळीत उतरतेच; ते खालच्या भोकांनी निघून जावे अशी योजना असते. ती भोके धुळीने आणि पाचोळ्याने बुजली की पाणी आत साचते आणि हार्डबोर्ड पाठीमागून ओल पितो. पुढून आवरण आखडते आहे, मागून तक्ता फुगतो आहे! उन्हात घातलेल्या पापडाची वरची बाजू आधी सुकते आणि कडा वर उचलतात, तसेच हे होते.

तेव्हा पहिले काम अस्तर जपून काढण्याचे. काच फिरवायची मूठ कुठे स्क्रूने, कुठे पिनेने, तर कुठे मागे दडलेल्या क्लिपने बसवलेली असते. बळ लावण्याआधी नीट वाकून पाहावे. कडेच्या क्लिपा सोडवायला पातळ उलथणे फडके गुंडाळून वापरावे, आणि ते अगदी क्लिपेशेजारी सारावे. मध्येच ओढाल तर भिजलेला तक्ता क्लिपेभोवती फाटेल. मग दाराच्या खालची भोके तारेने मोकळी करावीत, काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओतावे आणि ते खालून बाहेर येते का पाहावे. काचेच्या कडेचे रबर कडक झाले असेल तर ते बदलावे. गंज तारेच्या ब्रशाने खरवडून रेड ऑक्साइड लावावा. हे काम कंटाळवाणे खरे, पण सगळ्या दुरुस्तीत हेच टाळता येण्याजोगे नाही.

तक्ता नुसता वाकला असेल, भुसा झाला नसेल, तर त्याची पाठ ओल्या फडक्याने पुसावी (भिजवायची नाही), अस्तराची बाजू खाली करून तो सपाट टेबलावर चादरीवर ठेवावा, वर फळी आणि फळीवर धान्याचे पोते. तीन-चार दिवस घाई करू नये. पुरता वाळल्यावर पाठीला तेलरंगाचे दोन हात द्यावेत, म्हणजे पुन्हा ओल शिरणार नाही. कडा भुसभुशीत होऊन गळत असतील, तर जुना तक्ता नव्या हार्डबोर्डवर ठेवून पेन्सिलीने आखावा आणि तसाच दुसरा कापावा. जुना मात्र काम पुरे होईपर्यंत फेकू नये. प्रत्येक भोकाचे माप त्याच्यापाशीच असते.

आता आवरण. पाइपाचे टोक तापवून, रुंद करून त्यात दुसरा पाइप बसवताना तुम्ही पाहिलेच असेल. तापला की मऊ होतो, निवला की घेतलेला आकार धरून ठेवतो. व्हायनिललाही हाच नियम. केस वाळवायच्या यंत्राने, नाहीतर दुपारच्या उन्हात ठेवून ते हाताला सोसेल एवढेच तापवावे, हळूहळू ताणावे आणि निवेपर्यंत धरून ठेवावे. स्टोव्ह, मेणबत्ती, उघडी आच बिलकूल नको. फार तापले तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घशाला झोंबणारा विषारी वायू निघतो. शिक्षकांनी वर्गात व्हायनिलची एक पट्टी कढत पाण्यात बुडवून, पळीभोवती गुंडाळून गार पाण्यात धरावी. वळण राहिलेले मुलांना दिसेल.

चिकटवण्याचा पदार्थ रेक्झिनला चालणारा आहे, असे दुकानदाराला विचारूनच घ्यावा. काही साधे रबरी चिकट व्हायनिलमधल्या त्या तेलकट द्रव्याने वर्षा-दोन वर्षांत मऊ पडतात आणि कड पुन्हा सुटते. तक्ता आणि कापड दोन्हींना पातळ थर द्यावा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबावे. आधी चारी बाजूंचे मध्य समोरासमोर बसवावेत, कोपरे शेवटी. कोपऱ्यात मागच्या बाजूला छोटी पाचर कापली म्हणजे घडी जाड होत नाही. काम उघड्यावर करावे आणि जवळ बिडी पेटवू देऊ नये. आवरण तडकून करकरीत झाले असेल तर तापवून काही उपयोग नाही, तिथे नवेच हवे. मऊपणा परत यावा म्हणून खोबरेल तेल चोळणारे लोक भेटतात. त्याने चार दिवस चकाकी येते आणि नंतर धूळ बसते. साबणाचे सौम्य पाणी आणि ओले फडके एवढे पुरे. थिनर, पेट्रोल त्याच्याजवळ आणू नये.

अस्तर बसवण्याआधी दाराच्या पत्र्यावर पॉलिथीनचा सलग कागद चिकटवावा आणि त्याची खालची कड दाराच्या पोकळीत आत सोडावी, बाहेर नव्हे. म्हणजे कागदावरून ओघळलेले पाणी पोकळीतच पडते. मग मूठ तात्पुरती बसवून काच एकदा पूर्ण खाली-वर करून पाहावी, पुन्हा तांब्याभर पाणी ओतावे, आणि ते खालच्या भोकांतून बाहेर आले म्हणजे क्लिपा दाबाव्यात.